बेअरिंग उलटं बसवलं आणि बिल लावलं एबीएस मॉड्युलचं

पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती, म्हणून एका हॅचबॅकचं हब बेअरिंग बदललं गेलं. घरघर थांबली, पण गाडी गॅरेजच्या गेटबाहेर पडून जरा वेग घेते तोच एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. मालक तसेच माघारी फिरले. उत्तर मिळालं, "साहेब, बेअरिंगचा आणि एबीएसचा काही संबंध नाही. मॉड्युल गेलंय तुमचं." मॉड्युल म्हणजे एबीएस चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट. नवीनचे 38,000, नाहीतर मोडीत काढलेल्या गाडीचं (कटाऊचं) जुनं 22,000. मालकांनी जुनं घातलं. दिवा तसाच. मग "सेन्सरही वीक आहे" म्हणून चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे 2,800. तिसऱ्या खेपेला गाडी परत मिळाली तेव्हा दिवा बंद होता. महिन्याभराने दुसऱ्या मेकॅनिकने मीटर उघडलं, तेव्हा त्या दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावलेली निघाली. महिनाभर गाडी भर पावसात एबीएसशिवाय धावत होती.

खरं कारण बेअरिंगमध्येच होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत चाकाचा वेग मोजायला वेगळी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने. ती सेन्सरसमोरून फिरते आणि मधली फट जेमतेम एक मिलिमीटरची असते. चुंबकाची बाजू सेन्सरकडे यायला हवी, आणि सेन्सर बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला असतो. प्रेस मशीनवर बेअरिंग दाबून बसवणाऱ्याने ते उलटं दाबलं की पट्टी बाहेरच्या बाजूला जाते. चाक झकास फिरतं, आवाज येत नाही, फक्त सेन्सरला काहीच 'दिसत' नाही. दोन्ही बाजू वरवर सारख्या दिसतात म्हणून ही चूक होते. ओळखायची युक्ती सोपी आहे: स्टेपलरची सुटी पिन सीलजवळ धरा. चुंबकाच्या बाजूला ती ओढली जाते, दुसऱ्या बाजूला नाही. बसवण्याआधीचं हे दहा सेकंदांचं काम आहे. एकदा दाबलेलं बेअरिंग काढून फिरवून परत बसवू नये; काढताना जोर गोळ्यांवर येतो आणि ते आतून खराब होतं. नवीनच लागतं. चूक गॅरेजची असेल तर त्याचा खर्चही गॅरेजने सोसायचा. नेमका तो टाळायला मॉड्युलची कहाणी रचली गेली.

मॉड्युल कधीच जात नाही असं नाही. पण तसं सांगणाऱ्याने आधी पुरावा दाखवावा. एबीएस वाचणारा स्कॅनर लावला की चाकासकट कोड मिळतो: सी0035 पुढचं डावं, सी0040 पुढचं उजवं, सी0045 मागचं डावं, सी0050 मागचं उजवं. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात, पण चाकाचं नाव त्यातही येतं. स्वस्त ब्लूटूथ ओबीडीच्या (फोनला जोडायच्या छोट्या कोड रीडरच्या) भरवशावर राहू नका. तो बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो आणि "काही फॉल्ट नाही" असं दाखवतो. कोड मिळाला की त्याच एबीएस स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालत्या गाडीत प्रत्येक चाकाचा वेग) उघडून शेजारी बसा आणि गाडी 20 च्या वेगाने चालवायला सांगा. तीन चाकं 20 दाखवतात आणि एक शून्य, तर आधी त्या चाकाचा सेन्सर, वायर आणि बेअरिंग तपासायचं. तिथे सगळं ठीक निघाल्याशिवाय मॉड्युलला हात लावू देऊ नका.

आणखी एक खूण माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे. कोड खोडा, गाडी बंद करा, परत चावी फिरवा. दिवा जागच्या जागी न विझता तसाच राहिला, तर दोष बहुधा विजेचा: वायर तुटली, कप्लरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) पाणी गेलं किंवा सेन्सर मेला. दिवा विझला आणि गाडी थोडी चालल्यावर परत लागला, तर सर्किट जोडलेलं आहे पण सिग्नल येत नाही. म्हणजे बेअरिंग उलटं, रिंग तडकलेली, फटीत गंज किंवा लोखंडाचा कीस. वरच्या गाडीत दिवा दर वेळी चालल्यावरच लागत होता. एवढ्यावरूनच सेन्सर बदलायची गरज नव्हती हे कळायला हवं होतं.

मल्टिमीटर लावणाऱ्यांसाठी: जुन्या धाटणीचा, दातेरी रिंगवाला सेन्सर साधारण 800 ते 2,500 ओहम दाखवतो आणि चाक हाताने फिरवलं की त्यातून थोडा एसी व्होल्टेज निघतो. नवीन, चुंबकाच्या पट्टीवर चालणाऱ्या सेन्सरवर ओहम मोजून काही कळत नाही. त्याचा कप्लर काढा, चावी ऑन करा आणि गाडीच्या बाजूच्या वायरवर व्होल्टेज बघा. बॅटरीच्या जवळपास आला तर तिथवर लाइन ठीक. नाही आला तर शॉकॅब्सॉर्बरजवळ वायर वाकते तिथे हलवून बघा. स्टिअरिंग वळून वळून तांबं आत तुटतं आणि वरचं रबर मात्र शाबूत राहतं.

कोकणपट्टीत आणि मुंबईत फसवणुकीचा दुसरा प्रकार बघायला मिळतो. गंजून तडकलेल्या रिंगमुळे गाडी थांबता थांबता, पाच-दहाच्या वेगाला, पेडल पायाखाली थरथरतं आणि कर्रकर्र आवाज येतो. दिवा लागेलच असं नाही. त्यावर डिस्क, पॅड, मास्टर सिलिंडर असं सगळं विकलं जातं. खात्री करायची तर एबीएसचा फ्यूज काढून मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक दाबा. थरथर गेली, तर ब्रेकचं सामान दोषी नाही. फ्यूज लगेच परत बसवा.

सेन्सर काढताना गंजामुळे त्याचं प्लॅस्टिक नाक नकलमध्येच (बेअरिंग आणि सेन्सर ज्यात बसतात त्या लोखंडी भागात) मोडतं. हे प्रामाणिकपणे काम करतानाही होतं, म्हणून ही शक्यता आधी सांगणाऱ्या मेकॅनिकवर संशय घेऊ नका. मात्र बदललेला प्रत्येक जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगा आणि नव्याचा बॉक्स मागा. जुना सेन्सर पुसून नव्याचं बिल लावणं सर्रास चालतं.

गाडी ताब्यात घेताना चावी फिरवा आणि फक्त एबीएसच्या दिव्याकडे बघा. तो आधी लागला पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांनी विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर पैसे देऊ नका. मीटर उघडायला लावा. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल आणि हॅन्डब्रेक सोडलेला असेल, तर गाडी चालवूच नका, टो करून न्या. अशा वेळी पुढच्या-मागच्या चाकांतला ब्रेकचा समतोलही गेलेला असू शकतो.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. त्यासाठी पक्कं बिल, कोडचा तारखेसकट फोटो आणि काढलेलं बेअरिंग हातात हवं. उलट्या बसवलेल्या बेअरिंगवर कोणती बाजू बाहेर होती ते काढण्याआधीच मार्करने लिहून, चाकासकट फोटो काढून ठेवा. एकदा ते बाकावर आलं की कसं बसवलं होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.