पीआरपीचे आठ महिने, आणि कोपऱ्यातलं ते मशीन

केसांसाठी घेत असलेल्या पीआरपीच्या चौथ्या सेशनला माझं रक्त काढून झालं होतं, कोपरात कापूस दाबून बसलेलो, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. घुंईं करून चढला, मग खरखर, मग एकदम शांत. बावीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे हो, मोटर बंद केली आणि मोटर बंद पडली यातला फरक मला डोळे मिटून कळतो. म्हणलं गेलं. दोन मिनिटांनी ती टेक्निशियन पोरगी बाहेर आली, "सर, थोडा वेळ लागेल." थोडा वेळ म्हणजे तीन आठवडे लागले. ते पुढे सांगतो.

पीआरपी (प्लेटलेट रिच प्लाझ्मा) काय असतं ते इथे येणाऱ्यांना माहीतच असणार, आपलंच रक्त काढायचं, फिरवायचं, प्लेटलेटवालं (म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींचं) पिवळं पाणी वेगळं करून केस यावेत म्हणून डोक्यात टोचायचं. १९९८ ला जबड्याच्या हाडाच्या ग्राफ्टसाठी यावर पेपर आला होता, मग गुडघे, खांदे, टेनिसवाल्या नदालनेही गुडघ्यात घेतलं होतं, असं फिरत फिरत ते आमच्या टकलापर्यंत आलं. माझं वय ४३, मागचा भोवरा विरळ आणि कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेलेले. आईने माक्याचं तेल आणि जास्वंद करून झालं, कांद्याचा रस करून झाला (ऑफिसात दोन दिवस कोणी शेजारी बसेना), मग मेहुण्याच्या लग्नाचे फोटो बघितले, वरून ड्रोनने काढलेले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या एका क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको.

पॅकेज चार सेशनचं १८,००० ला. वर जीएसटी १८ टक्के, कारण हे कॉस्मेटिकमध्ये धरतात, त्यामुळे मेडिक्लेमचं नावही काढू नका. झाले २१,२४०. आणि पैसे भरून झाल्यावर काउन्सेलर मॅडम गोड आवाजात म्हणतात, "सर, किटचे प्रत्येक वेळी ९०० वेगळे." म्हणजे डोशाच्या गाडीवर चटणीचे वेगळे घेतात तसं. एकूण २४,८४०. पार्किंग धरलं नाही.

पहिलं सेशन जुलैत. आखाड चालू होता, आदल्या रात्री मटण झालेलं आणि सकाळी उरलेल्या रश्श्यात दोन भाकऱ्या कुस्करून मी क्लिनिकला गेलो. उपाशी या असं कोणी सांगितलं नव्हतं, पण तेलकट खाऊ नका असंही सांगितलं नव्हतं. रक्त फिरवून बाहेर आलं तर वरचं पाणी पिवळं स्वच्छ असायला हवं ते ताकासारखं गढूळ. पोरगी ट्यूब उजेडात धरून म्हणते, "सर, काल काय खाल्लं होतं?" खरं सांगितलं. डॉक्टर हसले आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासायला सांगितलं, ते वाढलेलं निघालं. म्हणजे केसासाठी गेलो आणि मटण कमी करून आलो, बायकोच्या मते पॅकेजचा वसूल झालेला भाग एवढाच.

दुखतं का? दुखतं. भोवऱ्यावर फारसं नाही, पण कपाळाच्या कडेला आणि कानशिलाकडे डोळ्यातून पाणी येतं. आधी बधिर करायची इंजेक्शनं देतात, खरं तर तीच जास्त दुखतात, नंतरच्या सुया नुसत्या टुकटुक लागतात. दुसऱ्या दिवशी सूज खाली कपाळावर उतरते, भुवया जड होतात, मी शिफ्टला गेलो तर सुपरवायझर विचारतो रात्री जागरण का. हेल्मेट दोन दिवस नको वाटतं, म्हणून सेशन शनिवारी घ्या. आणि पेनकिलरचं लक्षात ठेवा, मी सवयीने कॉम्बिफ्लाम घेतली होती दुसऱ्या सेशनच्या आदल्या रात्री, डॉक्टर चिडले. त्यात आयब्युप्रोफेन असतं, ते प्लेटलेटच्या कामातच आडवं येतं, मग एवढा खटाटोप कशाला. पॅरासिटामॉल चालते.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे सेंट्रिफ्यूज, रक्त गरगर फिरवणारं मशीन. सगळे विचारतात डॉक्टर कसे, हात हलका आहे का, एसी आहे का. अरे बाबांनो, तुमचं अख्खं पीआरपी त्या कोपऱ्यातल्या पातेल्याएवढ्या मशीनमध्ये तयार होतं, त्याच्याकडे कोणी बघतच नाही! दोनदा फिरवतात. पहिल्यांदा हळू, म्हणजे लाल पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट वरच्या पाण्यात राहतात. मग ते पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन जोरात, म्हणजे प्लेटलेट तळाला येतात, वरचं पातळ काढून टाकायचं आणि खालचे चार-पाच एमएल वापरायचं. पहिली फेरी जास्त जोरात झाली तर प्लेटलेट लाल पेशींबरोबरच खाली जातात आणि तुमच्या डोक्यात साधं पाणी टोचलं जातं, तुम्हाला कळणारही नाही.

मी दुसऱ्या सेशनला टेक्निशियन पोरीला विचारलं, आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे किती? म्हणे साडेतीन हजार. म्हणलं रोटरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या किती? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिच्या लग्नाचं विचारलंय. पण नुसत्या आरपीएमला अर्थच नाही ना, जोर जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट असा मोजतात आणि तो त्रिज्येवरही ठरतो. १० सेंटिमीटरच्या रोटरला ३५०० वर साधारण १३७० जी बसतो, १५ च्या रोटरला तोच आकडा २०५० च्या वर जातो. एका क्लिनिकचं सेटिंग दुसऱ्याच्या मशीनवर लावलं तर पूर्ण वेगळाच माल निघणार.

दुसरं, बॅलन्सिंग. दुसऱ्या फेरीला ट्यूब एकच असते, तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची ट्यूब लावावी लागते. ती अंदाजाने भरत होती, नळाखाली धरून, कुकरच्या डाळीत पाणी घालतात तसं. त्यामुळे मशीन टेबलावर थरथरत सरकायचं, म्हणून त्याच्या खाली पेपराची घडी घातलेली. पेपराची घडी! २४,८४० रुपये घेता आणि चार रबरी पाय बदलत नाही. मी सांगितलं, पाय बदला आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बघा, आवाज बरोबर नाही. हो सर म्हणाली. तिसऱ्या सेशनला तीच घडी.

अजून एक, माझा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) केला तेव्हा प्लेटलेट २.१ लाख आल्या. चांगलं पीआरपी म्हणजे मूळच्या चार-पाच पट, म्हणजे माझं ८ ते १० लाखांच्या घरात यायला हवं. म्हणलं तयार झालेल्या मालाचा काउंट करता का? नाही. आमच्या कंपनीत पाच रुपयांचा बुशसुद्धा मायक्रोमीटर लावल्याशिवाय बाहेर जात नाही.

तर चौथं सेशन. मशीन बसलं, रक्त ट्यूबमध्ये तसंच. मी म्हणलं ब्रश संपलेत, दीडदोनशेचा पार्ट आहे, माझ्या डिकीत स्क्रूड्रायव्हर आहे, उघडू का? डॉक्टर नको म्हणाले, ते ठीक, त्यांच्या जागी मीही नकोच म्हणलो असतो. पण काउन्सेलर मॅडम म्हणतात की किट उघडलं, रक्त काढलं, म्हणजे सेशन वापरलं असं सिस्टिममध्ये पडलंय, पुढच्या वेळी नवीन किटचे ९०० द्यावे लागतील. माझं डोकंच फिरलं (मशीन सोडून बाकी सगळं फिरत होतं त्या दिवशी). म्हणलं मशीन तुमचं, रक्त माझं, तुमचं मशीन बंद पडलं त्याचे पैसे मी का देऊ? मग माझं रक्त तरी परत द्या. ते देता येत नाही म्हणे, बायोमेडिकल वेस्ट आहे, आणि माझ्यासमोर दोन्ही ट्यूब लाल पिशवीत. नियमाने बरोबरच आहे, पण वीस एमएल रक्त असं डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना बघून जीव तुटतो राव. तीन आठवडे फोन, मेसेज, एकदा प्रत्यक्ष जाऊन रिसेप्शनवर दीड तास बसलो, तेव्हा कुठे दिवाळीनंतर सेशन फुकट करून दिलं, किटसकट. मशीन "सर्व्हिसिंग करून आणलंय." खाली घडी होतीच. पेपर मात्र नवीन होता.

इथपर्यंतचं नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देणार होतो. पोस्ट करायचं राहिलं. आता मार्च चालू आहे आणि थोडं बदलून सांगावं लागतंय.

जानेवारीत आमचा सलूनवाला, ज्याला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, मागून आरसा धरून म्हणाला, "साहेब, भोवरा भरलाय की." त्याला खुश करायची काही गरज नाही, तो माझ्याकडून सत्तर रुपयेच घेतो. घरी येऊन फोटो काढले. मी दर महिन्याच्या पाच तारखेला बाथरूमच्या त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचे फोटो काढत होतो, कारण क्लिनिकवाले आधीचा फोटो ओल्या केसांचा फ्लॅश मारून काढतात आणि नंतरचा विंचरून, मग फरक दिसणारच. माझ्या फोटोतही फरक आहे. भोवऱ्यात टाळू कमी दिसते, केस जाड वाटतात. कपाळाचे कोपरे जैसे थे, तिथे शून्य. जिथे मूळच मेलंय तिथे काही उगवत नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, ते मात्र प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

पण मग लक्षात आलं की मिनॉक्सिडिल पाच टक्के, म्हणजे डोक्याला लावायचं केसांचं औषध, पहिल्या दिवसापासून लिहून दिलेलं. मी ते चिकट लागतं म्हणून कपाटात ठेवलं होतं आणि तिसऱ्या सेशननंतर, म्हणजे सप्टेंबरपासून, इमानदारीत सुरू केलं. मध्ये महिनाभर केस उलट जास्त गळले, घाबरलो, ते त्याचं नेहमीचंच आहे म्हणे. मग जानेवारीतला भोवरा कोणाचा? पीआरपीचा की सहा-सातशेच्या बाटलीचा? एका वेळी दोन पार्ट बदलले की मशीन कशामुळे चालू झालं ते सांगता येत नाही, हे मी पोरांना रोज शिकवतो आणि स्वतःच्या डोक्यावर तेच केलं. वर मटणही कमी झालंय. त्यामुळे तीन स्टार. दीड डॉक्टरांच्या हाताला, एक भोवऱ्याला, अर्धा ट्रायग्लिसराइड सापडलं म्हणून. मशीनला काही नाही.

मेहुणी आता चेहऱ्यावर घ्यायचं म्हणतेय, पिंपलच्या खड्ड्यांसाठी, डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) मारून वरून पीआरपी. तिला म्हणलं घे, पण सुई आणि किट तुझ्यासमोर फोडायला सांग आणि ट्यूबवर पूर्ण नाव लिहून घे. माझ्या तिसऱ्या सेशनला ट्यूबवर नुसतं पहिलं नाव होतं, आणि माझ्या नावाचे नाशकात गल्लीगणिक चार निघतील, मी पेन मागून आडनाव आणि मोबाइल नंबर टाकला. हसू नका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये असं फेशियल करून बायकांना एचआयव्ही झाला, २०१८ मध्ये उघडकीस आलं, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये त्यावर अहवालच काढला. आपलं रक्त आपल्याला, एवढीच तर यातली सेफ्टी आहे, आणि क्लिनिकात मारे चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं असतं.

पाच-सहा महिन्यांनी एक मेंटेनन्स सेशन लागतं हे पॅकेज घेताना कोणी बोललं नव्हतं, म्हणजे ही मशीनच्या वार्षिक देखभाल करारासारखी एएमसीच झाली. परवा क्लिनिकचा मेसेज आला, होळी ऑफर, २० टक्के सूट, किट वेगळं. मी उलट विचारलं, मशीनचे ब्रश बदलले का? अर्ध्या तासाने उत्तर आलं, "सॉरी सर, हेअर ब्रश ऑफरमध्ये इन्क्लूडेड नाहीये."