कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय: भाचीला ठेवलंय तिथला खराखुरा रिव्ह्यू

ज्यांच्या घरात पाचवी पास झालेली पोरगी आहे आणि आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला निघतात त्यांच्यासाठी मुख्य करून लिहितेय. बाकीच्यांनी पण वाचा, पण पाचगणीच्या लाखो रुपये फीच्या बोर्डिंगची माहिती शोधत आला असाल तर इथं काही सापडायचं नाही. हे सरकारी आहे, फुकट आहे, आणि माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

तालुक्याचं नाव टाकत नाही, मराठवाड्यातला आहे एवढं धरून चला, नाव टाकलं की पोरी ओळखू येतात आणि खाली मी जे सांगणार आहे त्यातलं काही कुणाच्या घरचं आहे.

आधी हे काय आहे ते थोडक्यात, कारण आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना वाटतं हे अनाथाश्रम आहे. तसं नाही. २००४ ला केंद्र सरकारनं ही योजना काढली, २००१ च्या जनगणनेत ज्या तालुक्यांत खेड्यातल्या बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीच्याही खाली होती तिथं मुलींसाठी निवासी शाळा काढायची म्हणून. आता देशभरात पाच हजारांच्या वर आहेत. ७५ टक्के जागा एससी, एसटी, ओबीसी आणि अल्पसंख्याक मुलींना, उरलेल्या २५ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना. शाळा सुटलेली, आईबाप नसलेली, एकट्या आईची, स्थलांतर करणाऱ्यांची पोरगी असेल तर तिला आधी घेतात. सुरुवातीला सहावी ते आठवी एवढंच होतं, २०१८ ला समग्र शिक्षा ही केंद्राची योजना आल्यावर बारावीपर्यंत वाढवायची सोय झाली, पण सगळीकडे वाढलंय असं नाही, त्यावर पुढं बोलते.

माझी ताई आणि दाजी दरवर्षी कोयता घेऊन जातात, कधी कोल्हापूरकडं कधी कर्नाटकात. मी तालुक्याच्या गावी शिवणकाम करते म्हणून वसतिगृहाच्या रजिस्टरला पालक म्हणून माझा नंबर. भाची सहावीला गेली तिथं, आता नववीत आहे. त्याच्या आधी ती गावात आजीपाशी राहायची, शाळेत हंगामी वसतिगृह असायचं म्हणजे सीझनपुरतं दोन वेळचं जेवण मिळायचं आणि रात्री झोपायला आजीकडं. लहान होती तोवर ते ठीक होतं. पोरगी वयात यायला लागली की आईबापाला फडावर, म्हणजे उसाच्या रानात, झोप लागत नाही हे ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. मग दोनच रस्ते राहतात, सोबत न्यायची आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहून भावंडं सांभाळायला लावायची, नाहीतर लग्न उरकून टाकायचं. त्यात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे लग्न लागलं की मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून नवी उचल, आगाऊ पैसे, मिळते, म्हणून घाई अजूनच. ताईच्या घरात पण हा विषय निघाला होता, खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. मी चार स्टार बिल्डिंगला दिलेले नाहीत, बिल्डिंग जेमतेमच आहे. जेवणाला पण नाही. मॅडम चांगल्या आहेत पण त्या कंत्राटावर, आज आहेत उद्या बदलतील. चार स्टार आहेत ते पोरींच्या घोळक्याला. शंभराच्या आसपास पोरी एका छपराखाली राहतात आणि एकमेकींना धरून ठेवतात, हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठल्या माहितीपत्रकात पण नसतं.

रविवारी दुपारी भेटायला जा, मग कळेल मी काय म्हणतेय ते. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वेणीफणीची रांग बसलेली असते, सगळ्यात वरच्या पायरीवर मोठी पोरगी, तिच्या पुढ्यात खालच्या पायरीवर जरा लहान, तिच्या पुढ्यात अजून लहान, असं पार खाली अंगणापर्यंत, आणि प्रत्येकीच्या हातात पुढचीचं डोकं. बारीक फणी, खोबरेल तेलाची एकच बाटली वरून खाली फिरत असते, उवा निघाल्या की आरडाओरडा, आणि तोंडं अखंड चालू. गृहप्रमुख मॅडम बाजूला खुर्ची टाकून हजेरीचे कागद लावत बसतात आणि कान इकडं. मला म्हणाल्या, "ताई, ऑफिसात बोलावून विचारलं तर एक पोरगी तोंड उघडत नाही, इथं उवा काढताना मला अख्ख्या तालुक्याची खबर मिळते."

आणि ते खरं निघालं. मागं एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीची एक पोरगी परत आलीच नाही. पेटी तिच्या कॉटखाली तशीच, कुलूप लावलेली. गावातल्या शाळेत असं झालं असतं तर मास्तरांनी आठ-पंधरा दिवस गैरहजेरी मांडली असती आणि मग पटावरून नाव कमी झालं असतं, "गेली असेल फडावर" म्हणून विषय संपला असता. इथं दुसऱ्या दिवशी तिच्याच गावच्या दुसरीनं सांगितलं की तिला बघायला पाहुणे आलते आणि सुपारी फुटायचं चाललंय. मॅडमनी बापाला फोन लावला, बाप उचलेना, मग गावच्या ग्रामसेवकाला. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते, खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच असतो, त्यामुळं त्याला "मला काय माहीत" म्हणून हात वर करता येत नाहीत. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, पण फोन गेला. पोरगी आली परत. तिचा चुलता सोडायला आला होता, तोंड वाकडं करून, मॅडमशी एक शब्द बोलला नाही. पोरींनी तिला काही विचारलं नाही म्हणे, रात्री फक्त तिची कॉट मधल्या रांगेत ओढून घेतली.

बालविवाहाविरुद्धचा कायदा २००६ चा आहे, पोस्टर ग्रामपंचायतीत लावलंय, पण पोस्टरला पोरगी गायब झालेली दिसत नाही ना. शेजारच्या कॉटवालीला दिसते.

अभ्यासाचं पण असंच. भाची सहावीला गेली तेव्हा तिला भागाकार येत नव्हता, वाचताना बोट ठेवून अक्षर अक्षर लावायची. शाळेतल्या बाईंनी किती घेतलं माहीत नाही, पण संध्याकाळी दिवाबत्तीनंतर दहावीची एक पोरगी तिला फरशीवर खडूनं गणितं घालायची, पुसायची, परत घालायची, चुकलं तर हसायची नाही कारण ती स्वतः पण अशीच आली होती. आता भाची नववीत, तिच्या वाट्याला सहावीच्या दोघी आल्यात आणि ती त्यांच्यावर एवढी ओरडते की मला तिला दटावावं लागलं.

जेवायला सगळ्या एका पंगतीत. बंजारा, पारधी, मुस्लिम, बौद्ध, मराठा, वंजारी, सगळ्या. माझ्या आईनं पहिल्याच दिवाळीत विचारलं की तिथं स्वयंपाक कोण करतं, कुणाच्या हातचं खातीस. पोरगी म्हणाली, "आजी, वाढायची पाळी असती, आज माझ्या हातचं सगळ्या खातेत अन् उद्या मी सगळ्यांच्या हातचं खाते." आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मैत्रिणीकडून गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, पण शिकलीय थोडी, आम्हाला कळू नये म्हणून फोनवर त्यातच बोलते.

अजून एक, जरा बायकांचं आहे पण लिहिते. पाळी पहिल्यांदा तिथंच आली. मी दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत मोठ्या पोरींनी सगळं निभावून नेलं होतं, पॅड कसं, फेकायचं कुठं, पोट दुखलं तर गरम पाण्याची बाटली. तिथं कुणी बाहेर बसत नाही, बसायला जागाच नाही आणि कुणाला वेळ पण नाही. त्यानंतर सुट्टीत घरी आली ती पाळीत सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि चहा टाकला. आजीनं दोन दिवस धुसफूस केली. चहा प्यायली मात्र.

हे काही आजचं नाही म्हणा. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ ला पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढं तो हिंगण्याला माळावर नेला, तेव्हाच्या विधवा पोरी तिथं एकत्र राहून शिकल्या. एकटीला घरात बसून शिकायचं म्हटलं की अख्खा वाडा आडवा येतो, दहाजणी एकत्र असल्या की बोलणाऱ्याला जरा विचार करावा लागतो. आणि जिच्या नावानं ही शाळा आहे ती कस्तुरबा पण पुण्यातच गेली, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, २२ फेब्रुवारी १९४४ ला. भाचीची सहल तिथं गेली होती, समाधी बघून आली, पण घरी येऊन सगळं वर्णन एसटीत कोण कोण ओकलं याचंच.

जेवण: पोटभर मिळतं, चव ठीक. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी पोळी भाजी वरण भात. आमटी पातळ असते. पोरींना ज्वारीची भाकरी आणि ठेचा हवा असतो, तो रोज मिळत नाही, मी जाताना शेंगदाण्याची चटणी नेते ती डब्यातून आधी शेजारपाजारच्या कॉटवर वाटली जाते, भाचीला चाटून-पुसून उरते तेवढी. राहणं, खाणं, ड्रेस, वह्या-पुस्तकं, साबण-तेल, आमच्याकडून आजवर रुपया मागितलेला नाही. कराटे शिकवतात. मीना राजू मंच आहे, त्यात पोरी नाटकं बसवतात, हुंड्यावरचं एक बघितलं, त्यात मुकादम झालेली पोरगी इतकी हुबेहूब की बघायला आलेले दोन-तीन बाप खाली मान घालून हसत होते.

आता एक स्टार का कापला.

सगळ्यात मोठी अडचण दिवाळीची सुट्टी. शाळेला सुट्टी म्हणून वसतिगृह बंद, आणि नेमके त्याच दिवसांत आईबाप ट्रकात बसून फडावर निघालेले असतात. घरी कुणी नाही आणि पोरगी घरी. वरचं आठवीच्या पोरीचं प्रकरण त्याच सुट्टीतलं हे लक्षात घ्या. ज्यांची मावशी-आत्या तालुक्याला आहे त्यांचं भागतं, ज्यांचं कुणी नाही त्यांनी काय करायचं? ऊसतोडीच्या तालुक्यात तरी त्या सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवलं पाहिजे, अगदी दहा पोरींसाठी का होईना. उन्हाळ्याचं चालतं कारण तोवर सीझन संपून माणसं परत आलेली असतात. हे सांगायला मोठा अभ्यास लागत नाही, गावातलं शेंबडं पोर पण सांगेल.

दुसरं, आठवीनंतर काय. आमच्याकडं नववी-दहावीची सोय आहे म्हणून निभावलं. जिथं आठवीलाच थांबतं तिथं पोरगी चौदाव्या वर्षी परत गावात, म्हणजे नेमकं ज्या वयात सांभाळायचं त्या वयात सोडून द्यायचं, मग तीन वर्षं केलेल्या खर्चाचा उपयोग काय. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारनं २०२१ ला संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर केलीत, तुमच्या तालुक्यात चालू असेल तर ते पण बघून ठेवा.

तिसरं, फोन ठरलेल्या वेळीच. फडावर दाजींना रेंज मिळते रात्री नऊनंतर, आणि वसतिगृहाचा फोनचा टाइम संध्याकाळचा. नियम कशासाठी आहे ते कळतं, पण ताई आठ-आठ दिवस पोरीचा आवाज न ऐकता राहते. मी मधल्या मध्ये आवाज रेकॉर्ड करून पाठवते. आणि मॅडम लोकांचं मानधन रात्रीची जबाबदारी बघता फारच कमी आहे, म्हणून चांगली बाई टिकत नाही. हा राग माझा शाळेवर नाही, वरच्यांवर आहे.

ॲडमिशन घ्यायचं असेल तर शाळा उघडायच्या आधी, मे महिन्यातच चौकशी करा, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस असतं तिथं किंवा सरळ वसतिगृहात. आधार, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, फोटो लागतात. जातीच्या दाखल्याला वेळ लागतो, आम्हाला तर एका ऑफिसनं तीनदा चक्कर मारायला लावली, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मीटिंगला, एकदा तर नुसतं "उद्या या", म्हणून मार्चपासूनच मागं लागा. पोरगी शाळेबाहेर असेल, मधली दोन वर्षं बुडली असतील तरी वयाप्रमाणे वर्गात घेतात, "आता काय उपयोग" म्हणून घरी बसवू नका. आणि बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहिती घेऊ नका, तिथं सगळं छानच सांगतात. रविवारी दुपारी जा आणि पायऱ्यांवर बसलेल्या पोरींना विचारा, संडासला पाणी असतं का, रात्री कोण मॅडम थांबतात, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं. त्या सांगतात, आणि तुमच्या पोरीला तेवढ्यात रांगेत बसवून वेणी पण घालून देतात.