कण्याचं मॉडेल: हाडं झकास, नसांत घोळ (५ पैकी ३ तारे)

इचलकरंजीत माझं लहानसं फिजिओथेरपी सेंटर आहे. येणारे बरेचसे यंत्रमागावरचे. बीम उचलताना कंबरेत चमक भरलेली आणि हातात एमआरआयची पिशवी. त्या काळ्या-करड्या फिल्मवरून त्यांना काय कळणार? म्हणून खऱ्या मापाचा, खुब्याच्या हाडांसकट स्टँडला टांगलेला प्लास्टिकचा कणा ऑनलाइन मागवला.

हाडांचं काम मन लावून केलंय. मानेचे ७, छातीचे १२, कंबरेचे ५ मणके, खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. मानेच्या मणक्यांना बाजूने भोकं असतात, त्यांतून मेंदूकडे जाणारी लाल धमनी ओवली आहे, आणि ती सातव्या मणक्याचं भोक सोडून सहाव्यात शिरते. एवढी शिस्त मला अपेक्षित नव्हती. सगळ्यात जास्त वापर होतो कंबरेच्या सांध्यांचा. त्यांचे पृष्ठभाग उभे, समोरासमोर; त्यामुळे कंबर पुढे-मागे छान वाकते, पण पिळायला गेलं की अडते. ओझं हातात धरून, पाय न हलवता वळायचं का नाही, हे रुग्णाचं बोट त्या सांध्यावर ठेवलं की एका मिनिटात पटतं.

आता तक्रारी. मज्जारज्जू म्हणून एकच जाड पिवळी नळी थेट त्रिकास्थीपर्यंत नेली आहे. मोठ्या माणसात तो साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, पुढे घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुपका. कंबरेतून पाणी काढताना सुई त्याच्या खालीच घालतात. हा तपशील गाळण्यासारखा नाही. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दबली की चेपते ती नस, मज्जारज्जू नव्हे, हेच तर मला समजावायचं असतं. त्याच झुपक्यावर मोठा दाब आला तर लघवी अडते, बैठकीची जागा बधिर होते. असा रुग्ण व्यायामाला नाही, तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यायचा. नळी दाखवून हे कसं सांगू?

दुसरं म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दाखवायला लावलेला लाल फुगा. जागा बरोबर आहे, मागे आणि किंचित बाजूला, जिथे मागचा अस्थिबंध अरुंद असतो. पण आकार टपोऱ्या द्राक्षाएवढा, आणि कायमचा चिकटवलेला. एक जॉबरमामा तो बघून उठूनच उभे राहिले: "मॅडम, माझ्या पाठीत एवढं लोंबतंय व्हय?" बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच आक्रसून टाकतं आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, हे त्यानंतर कितीही सांगा, नजर फुग्यावरून हलत नाही. आता मी त्यावर पांढरी कागदी टेप लावून ठेवते. काढता-घालता येणारा तुकडा दिला असता तर काय बिघडलं असतं?

चेपलेला मणकाही यात नाही. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना गाडीवर मागे बसून खड्ड्यात आदळल्यावर होतो तो, बहुधा छातीच्या बाराव्या किंवा कंबरेच्या पहिल्या मणक्याला. तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

स्टँड डुगडुगतो, पायाचा स्क्रू बदलून घ्या. दवाखान्यासाठी चालेल. परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र हाडांपुरताच वापरावा, नसांसाठी पुस्तक उघडावं.