ज्येष्ठांच्या कट्ट्यासाठी कॅरम: बोर्ड आठ मिलिमीटरचा घ्या, पैसे स्टँडवर घाला

गणपतीच्या स्पर्धेसाठी आणलेला कॅरम अनंत चतुर्दशीनंतर कपाटामागे भिंतीला तिरका टेकवला जातो. पुढच्या पावसाळ्यात भिंतीची ओल प्लायवूडमध्ये शिरते आणि बोर्डाला बाक येतो. मग सोंगटी मारा कुठेही, ती एकाच कोपऱ्याकडे धावते. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरात ज्येष्ठांसाठी रोजचा डाव सुरू करायचा असेल, तर असा बोर्ड दुरुस्त करत बसू नये. नवाच घ्यावा.

घ्यायचा तो पूर्ण मापाचा, म्हणजे खेळायची जागा ७४ × ७४ सेंटिमीटर. प्लाय ८ मिलिमीटरचा पुरतो. दुकानदार १६ किंवा २० मिलिमीटरचा दाखवतो. त्याचा टप्पा सुंदर असतो यात वाद नाही, पण तो उचलायला दोन तरुण लागतात आणि सकाळी अकरा वाजता ते कामावर असतात. बोर्ड उचलता येत नाही म्हणून डाव बंद पडणं ही फार साधी आणि फार नेहमीची गोष्ट आहे. ४ मिलिमीटरचा मात्र फुकट मिळाला तरी नको. दुकानातच १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोर लावून मारून बघा. समोरच्या फ्रेमला लागून तो किमान साडेतीन फेऱ्या करायला हवा. फेरीच्या वाटेत तो एका बाजूला वळत असेल तर पृष्ठभाग सपाट नाही. पॉलिश आरशासारखं चकचकीत असेल तरी नाकारा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यात सोंगट्यांपेक्षा दिव्याचं प्रतिबिंबच जास्त दिसतं.

खरा खर्च स्टँडवर करावा. नियमाप्रमाणे बोर्डाची उंची जमिनीपासून ६३ ते ७० सेंटिमीटर. कात्रीसारखा घडीचा स्टँड स्वस्त असतो, पण लांबचा कोपरा मारायला वाकलेला माणूस नकळत सगळा भार फ्रेमवर टाकतो आणि स्टँड कलंडतो. चार पायांचा, पायांना रबरी बूट असलेला लोखंडी स्टँड घ्या. खुर्च्या हाताच्या हव्यात. स्पर्धेत हाताची खुर्ची कोपराला अडते, पण इथे उठताना आधार जास्त महत्त्वाचा. प्लास्टिकची खुर्ची चालेल, मात्र पाय फाकणारी नको.

दिवा बोर्डाच्या बरोबर मधोमध, शेडसह टांगावा. बाजूच्या ट्यूबलाइटने सोंगट्यांच्या सावल्या पडतात आणि नेम चुकतो.

पावडरीबद्दल आमची तक्रार मोठी आहे. बोरिक पावडर बोर्डावर उत्तम, पण कोटा फरशीवर ती सांडली की पाय सटकलाच. ज्या वयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण, तिथे ही गंमत नाही. चिमूटभर पावडर कापडाच्या पुरचुंडीत बांधून बोर्डावर आपटावी, डब्यातून शिंपडू नये. बोर्डाखाली खडबडीत चटई घालावी, तिच्या कडा चिकटपट्टीने बसवाव्यात, नाहीतर अडखळायला ती नवीनच सोय. डाव संपला की ओल्या फडक्याने फरशी पुसावी. नातवंडं येत असतील तर पावडर कुलपात. पोटात गेली तर ती विषारी आहे.

संधिवातामुळे बोटाने टिचकी मारता येत नसेल तर अंगठ्याने मारू द्यावं. आंतरराष्ट्रीय नियमांतही त्याला मुभा आहे. ऐकू कमी येणाऱ्यांना हा खेळ सोयीचा, कारण समोरचा चेहरा हाताच्या अंतरावर असतो आणि ओठ दिसतात. टीव्ही तेवढा बंद ठेवा.

आता फायद्याचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा अभ्यास २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पटावरचे खेळ, वाचन, वाद्य वाजवणं आणि नृत्य करणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण कमी दिसलं. त्यावरून कॅरम हे औषध ठरत नाही. स्मृती ढासळायला लागलेला माणूस खेळणं आधीच सोडतो, हीही शक्यता आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्यांत एकटेपणाने तुटणं आहे, तसं ऐकू न येणं आणि उपचार न केलेली अधू दृष्टीही आहे. म्हणून वर दिवा आणि चेहऱ्याबद्दल इतकं लिहिलं.

कॅरमने व्यायाम मात्र होत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचा. तेव्हा एक बोर्ड, म्हणजे सोंगट्यांची एक फेरी, संपला की चौघांनी उठून एक चक्कर मारायची आणि एक खुर्ची पुढे सरकायचं. जोडीदार समोर बसतो, त्यामुळे डाव संपल्यावर हरलेली जोडी उठून नवी जोडी आली की बाहेरचे ताटकळत नाहीत. जागा अडवून बसणारा एक गडी कुठल्याही कट्ट्यावर असतोच. हा नियम त्याच्यासाठी. गुण पाटीवर, तोंडी बेरीज करून. राणीचे ३ गुण फक्त २२ गुण होईपर्यंत, डाव २५ चा: एवढा हिशेब रोज पुरेसा. मोबाइलवर गुण लिहायला बंदी करावी. पोहे-जलेबी डावानंतरच, शेवेचा तेलकट हात स्ट्रायकरला लागला की तो बोर्डावर चिकटतो.

सोंगट्यांचा एक जादा संच घेऊन ठेवा. पहिली हरवते ती राणीच.