एमएसडब्ल्यूची दोन वर्षं: वर्गाला दोन स्टार, फील्डवर्कला साडेचार

कॉलेजचं नाव घालत नाही, शेवटची मार्कशीट अजून त्यांच्याकडेच आहे. बेळगावात राहून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, केलं. आठवड्यातले चार दिवस वर्ग, दोन दिवस फील्डवर्क.

वर्गाचं आधी उरकते. सामाजिक धोरणाच्या पेपरला 1942 च्या ब्रिटनमधल्या बेव्हरिज अहवालातले पाच राक्षस (गरिबी, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्त्या, बेकारी) पाठ केले. झेरॉक्स नोट्सवर आधीच्या बॅचमधल्या कुणाच्या तरी चहाचा डाग होता, तोसुद्धा झेरॉक्समध्ये आलेला. कर्नाटक सरकार घरातल्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देतं त्या गृहलक्ष्मी योजनेबद्दल विचारलं तर उत्तर एकच, "सिलॅबसमध्ये नाही."

सिलॅबस बसमध्ये होता. माझी रूममेट चंदगड तालुक्यातली. खानापूरच्या बसला आम्ही एकाच सीटवर बसायचो. मी आधार दाखवलं की शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट त्याचं, शून्य तिकीट, तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता म्हणून तिला पूर्ण पैसे. माझ्या आईला गृहलक्ष्मीचे 2,000, तिच्या आईला महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे 1,500. त्यावरून आमची जी भांडणं झाली तेवढी चर्चा वर्गात एकदाही झाली नाही.

पहिलं फील्डवर्क एका संस्थेत, तिथे बॅनर धरायला उभं केलं. तो सेमिस्टर वाया गेला. नंतर खानापूर तालुक्यातली एक ग्रामपंचायत मिळाली. तिसऱ्याच दिवशी एक मावशी पायरीवर रडत बसलेल्या. गृहलक्ष्मीची चौकशी केली तर आतून कुणीतरी सांगितलं होतं, "दुड्ड होगेती." पैसे गेलेत. त्याला म्हणायचं होतं जमा झालेत. मावशींनी ऐकलं बुडाले. "गेले म्हणजे गेलेच की गं पोरी!"

पैसे त्यांच्या नेहमीच्या खात्यात नव्हते हे खरं. असली रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि मावशींचं आधार बचत गटासाठी पूर्वी काढलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं. ते पासबुक तांदळाच्या डब्यात सापडलं. बँकेत मशीनला लावलं तर टर्रर्र करत पान भरलं, पुढचं उलटावं लागलं. मावशींनी आकडे माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

हे रिपोर्टात लिहिलं. भाषिक अल्पसंख्याक किमान 15 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्याही भाषेत काढायच्या, ही राज्यांनी मान्य केलेली तरतूदही घातली, कारण पंचायतीच्या फळ्यावर सगळं कन्नडमध्येच होतं. गाईडनी पेन्सिलने गोल करून "विषयांतर" लिहिलं. अर्धा स्टार तिथे गेला.

विद्यावेतन नाही, डबा आपला आपण न्यायचा. कन्नड वाचता येत नसेल तर सुट्टीत शिकून घ्या, फाईल उघडताच अडकाल. आणि फील्डवर्कची यादी लागली की शहरातल्या संस्थांसाठी झुंबड उडते, खानापूरकडच्या पंचायती शेवटपर्यंत रिकाम्या असतात. त्याच मागा. पावसाळ्यात मात्र शेवटची बस धरूनच निघा.