वीस लिटर समुद्र आणि सीझियमचा एक आकडा: ‘अवर रेडिओअ‍ॅक्टिव्ह ओशन’ या सेवेविषयी

11 मार्च 2011 रोजीच्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा दाइची अणुऊर्जा प्रकल्पातून किरणोत्सारी पाणी समुद्रात गेले. एप्रिलच्या सुरुवातीला प्रकल्पालगतच्या पाण्यात सीझियम-137 या किरणोत्सारी मूलद्रव्याचे प्रमाण घनमीटरला सुमारे पाच कोटी बेक्वेरेलपर्यंत (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास) पोहोचले होते. हे पाणी प्रवाहांबरोबर प्रशांत महासागर ओलांडून तीन-चार वर्षांत उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागणार, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. परंतु त्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी नियमितपणे तपासण्याची जबाबदारी अमेरिकेच्या कोणत्याही केंद्रीय यंत्रणेने घेतली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशन या अमेरिकेतील सागरसंशोधन संस्थेचे सागरी रसायनशास्त्रज्ञ केन ब्यूसेलर यांनी जानेवारी 2014 मध्ये ‘अवर रेडिओअ‍ॅक्टिव्ह ओशन’ ही सेवा सुरू केली. तिचे स्वरूप साधे होते: आपल्या किनाऱ्यावरील पाणी तपासून हवे असेल, तर एका नमुन्यासाठी लागणारे साधारण 550 ते 600 डॉलर वर्गणीने जमवायचे, पाणी भरून पाठवायचे आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुला होऊ द्यायचा.

त्या वर्षी मी ओरेगनमध्ये राहत होतो आणि असा एक नमुना भरताना मदतीला होतो. घडी घालता येणारा प्लास्टिकचा कॅन लाटेत धरून भरायचा, एवढेच काम. पण थंडगार पाण्यात उभे राहून वीस लिटर भरेपर्यंत बोटे बधिर झाली, आणि वीस किलोंहून जड झालेला तो कॅन ओल्या वाळूतून गाडीपर्यंत आणताना दोघांना दोन वेळा थांबावे लागले. एवढे पाणी कशासाठी, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील पद्धतीत आहे. समुद्राच्या पाण्यातील सीझियम इतके विरळ असते की ते थेट मोजता येत नाही; म्हणून सगळे पाणी सीझियम धरून ठेवणाऱ्या राळेच्या नळीतून हळूहळू सोडतात आणि मग ती राळ गॅमा किरण मोजणाऱ्या उपकरणात दीर्घकाळ ठेवतात. पाणी जितके अधिक, तितका राळेत साठणारा अंश मोठा आणि तितका आकडा भरवशाचा.

या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे ती सीझियमचे दोन प्रकार वेगवेगळे दाखवते. सीझियम-137 चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे 30 वर्षे असल्यामुळे 1950 आणि 1960 च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांतून आलेला अंश प्रशांत महासागरात आजही घनमीटरला एक-दोन बेक्वेरेल इतका सापडतो. सीझियम-134 चे अर्धायुष्य मात्र जेमतेम दोन वर्षांचे असते, त्यामुळे जुन्या चाचण्यांतील सीझियम-134 केव्हाच संपलेले आहे. 2014 मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात ते आढळले, तर ते फुकुशिमाचेच, असा त्याचा अर्थ होता. 19 फेब्रुवारी 2015 रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामधील युक्लुलेट येथे घेतलेल्या नमुन्यात घनमीटरला 1.4 बेक्वेरेल सीझियम-134 आणि 5.8 बेक्वेरेल सीझियम-137 आढळले. अपघाताच्या वेळी दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात बाहेर पडली होती आणि चार वर्षांत सीझियम-134 सुमारे चौथ्या हिश्शावर आले होते; हा हिशेब उलटा मांडला की त्या 5.8 मधील साधारण पाचाच्या आसपास भाग फुकुशिमाचा आणि उरलेला जुन्या चाचण्यांचा, हे कोणालाही कागद-पेन्सिलीने काढता येते. जी सेवा वाचकाला असा पडताळा स्वतः घेऊ देते, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

या आकड्यांचे प्रमाणही ध्यानात घ्यायला हवे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात सीझियम-137 ची मर्यादा घनमीटरला 7400 बेक्वेरेल आहे. युक्लुलेटच्या त्या पाण्यात वर्षभर रोज सहा तास पोहले, तरी मिळणारी मात्रा दातांच्या एका एक्स-रेच्या हजाराव्या भागाहून कमी भरते. त्याच काळात त्सुनामीच्या लाटांची उंची दाखवणारा एक रंगीत नकाशा ‘किरणोत्सर्गाचा नकाशा’ म्हणून जगभर फिरत होता, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी काळजीने तो मलाही पाठवला होता. त्यांना उत्तर म्हणून या सेवेच्या नकाशावरील आमच्या किनाऱ्याचा ठिपका पाठवता आला, याचे मोल मला फार वाटले. आमच्या नमुन्यात सीझियम-134 आढळले नव्हते. ‘आढळले नाही’ हा निष्कर्षही ही सेवा सापडलेल्या आकड्याइतक्याच ठळकपणे जाहीर करते, आणि ते योग्यच आहे. कारण प्रवाह पोहोचण्यापूर्वीची नोंद नसेल, तर पोहोचल्यानंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करायची?

उणिवा आहेत आणि त्या वर्गणीच्या रचनेतूनच येतात. जिथे माणसे पैसे जमवू शकतात तिथे नमुने दाट पडतात आणि गरीब, विरळ वस्तीचे किनारे मागे राहतात. निष्कर्षासाठी धीर धरावा लागतो. मोजणी प्रामुख्याने सीझियमची आहे. हाडांत साठणाऱ्या स्ट्रॉन्शियम-90 साठी निराळी, किचकट पद्धत लागते. शिवाय सहाशे डॉलर ही रक्कम एका कुटुंबासाठी लहान नाही.

तरीही 2011 मध्ये जैतापूर प्रकल्पाच्या संदर्भात साखरी नाट्याचे मच्छीमार समुद्राविषयी आणि मासळीविषयी जे प्रश्न विचारत होते, ते मला या सेवेकडे पाहताना वारंवार आठवले. त्या प्रश्नांसाठी अशी सोय किती उपयोगी पडेल: गावाने स्वतः भरलेला कॅन, शासनाबाहेरची प्रयोगशाळा, सर्वांना दिसणारा आकडा आणि प्रकल्प उभा राहण्यापूर्वीपासूनची नोंद.

ही सेवा कशासाठी वापरू नये, तेही सांगायला हवे. ऑगस्ट 2023 पासून फुकुशिमातून प्रक्रिया केलेले जे पाणी समुद्रात सोडले जात आहे, त्याविषयीची मुख्य चर्चा ट्रिटियमची आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी प्रकार असल्यामुळे तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन राहतो. राळेच्या नळीतून पाणी सोडले की तो पाण्याबरोबर तसाच निघून जातो. त्यामुळे कॅन कितीही मोठा घेतला, तरी या पद्धतीने ट्रिटियमचा पत्ता लागणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर ट्रिटियम मोजणारी स्वतंत्र प्रयोगशाळाच गाठावी लागेल.