नॅनोक्लेचा नायलॉन: आठ महिने चालवल्यावर

भोसरीतल्या आमच्या छोट्या मोल्डिंग शॉपमध्ये एका इंजिन कव्हरसाठी आठ महिन्यांपासून नॅनोक्ले, म्हणजे अतिसूक्ष्म थरांची माती, घातलेला नायलॉन-६ चालतोय. आधी ३० टक्के ग्लास, म्हणजे काचतंतू, घातलेला दाणा होता. आता पार्ट हलका झालाय आणि ग्लासमुळे सपाट बाजू वाकायची, तेही थांबलंय.

‘मातीनं प्लास्टिक कसलं ताठ होणार’ असं अजूनही विचारतात. ही माती म्हणजे माँटमोरिलोनाइट. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच कुळातल्या खनिजांमुळे. थरांमध्ये पाणी शिरतं. इथे त्या थरांमध्ये नायलॉन शिरवायचा. एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. ते सुटे झाले की चार-पाच टक्के माती पुरते. जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हे साधलं. नायलॉन-६ चा ताठपणा जवळपास दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ वरून १४५ अंशांच्या घरात गेलं.

पण सगळी मदार थर सुटण्यावर. आमचा दुसरा लॉट तिथेच फसला. पातळ रनर (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत गोठलेली प्लास्टिकची काडी) ट्यूबलाइटसमोर धरला तर आत राखाडी ठिपके, आणि कव्हरचे कान स्क्रू आवळताना मुळातून तुटत होते. मातीचे गठ्ठे तसेच राहिले होते. सगळा माल परत केला. आता प्रत्येक लॉटसोबत थर सुटलेत का ते दाखवणारा क्ष-किरण चाचणीचा आलेख मागतो, आणि तरीही रनर उजेडात धरून बघतोच.

दुसरी गोष्ट तापमानाची. ग्लासच्या सवयीनं बॅरल (मशीनचा दाणा वितळवणारा नळा) २७० अंशांवर ठेवला, तर माशासारखा वास आला आणि निघालेले शॉट पिवळे पडले. माती नायलॉनशी जुळावी म्हणून तिला अमोनियम क्षार लावलेला असतो. तो २०० अंशांच्या आसपासच तुटायला लागतो. आता २४० वर चालवतो, आणि जेवणाच्या सुट्टीत बॅरलमध्ये माल ठेवत नाही. दाणा ८० अंशांवर नीट सुकवायचा, त्यात कुचराई नको.

ग्लासची ताकद यात नाही. धक्का खाणाऱ्या ब्रॅकेटला वापरून पाहिला, तडे गेले. ते काम परत ग्लासवर नेलं. दाबून अडकवायच्या (स्नॅपफिट) क्लिपांना तर साधा नायलॉनच बरा.

मागच्या आठवड्यात साचा सर्व्हिसिंगला उघडला. ग्लासच्या दिवसांत गेट, म्हणजे साच्यात माल शिरायचं तोंड, घासून रुंद व्हायचं आणि दरवेळी तिथला इन्सर्ट (बदलता येणारा तुकडा) बदलायला लागायचा. या वेळी टूलरूमच्या काकांनी गेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘कडा शाबूत आहे, बसव परत.’’ फार बरं वाटलं.